सकोऱ्याभोवतीचा उन्हाळा : परसबागेतील छायाचित्रणाच्या नोंदी

६ एप्रिल

इंदूरच्या राजेंद्रनगरमधील आमच्या घरामागे सुमारे २० फूट रुंद आणि ३५ फूट लांब परसबाग आहे. तीत लिंबू, पेरू, शेवगा, जास्वंद, मोगऱ्याचे एक दाट झुडूप, कढीपत्त्याची मोठी कुंडी आणि तुळशीची सात-आठ रोपे आहेत. मागच्या भिंतीपलीकडे जुना कडुनिंब आहे. ही सगळी बाग सासूबाईंच्या हातची. पहिला पाऊस पडेपर्यंत या बागेत येणाऱ्या पक्ष्यांची, कीटकांची आणि इतर जीवांची छायाचित्रे काढायची आणि त्यासाठी घराबाहेर कोठेही जायचे नाही, असे मी ठरवले आहे. सकाळी पावणेसहा ते साडेआठ एवढा वेळ मला मिळतो; त्यानंतर नोकरी. असे काम दुसऱ्या कोणी हाती घेतले तर त्याला माझ्या चुका टाळता याव्यात, म्हणून तारीखवार नोंदी आणि खर्च लिहून ठेवत आहे; एखाद्या गोष्टीचे पुढे काय झाले ते त्याच नोंदीत नंतर भरले आहे.

कॅमेरा आणि त्यासोबतची १८-५५ मिलिमीटरची लेन्स आधीपासून घरात होती. पक्ष्यांसाठी ५५-२५० ची वापरलेली लेन्स ७,५०० रुपयांना घेतली. आज मोगऱ्याच्या झुडपाला लागून, सावलीत, चिनी मातीचा खोलगट वाडगा पाणी भरून ठेवला. मागच्या खोलीच्या खिडकीतून तो सुमारे ९ मीटरवर दिसतो. त्या खोलीत कूलर असल्यामुळे दुपारीही बसता येईल, हा खिडकी निवडण्यामागचा विचार.

१० एप्रिल

चार दिवसांत वाडग्यावर लालबुड्या बुलबुल, साळुंक्या आणि चिमण्या आल्या, पण सगळ्यांनी काठावर बसून दोन-तीन घोट घेतले आणि त्या उडून गेल्या. आंघोळ कोणीच केली नाही. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. वाडग्याचा काठ गुळगुळीत आहे, आतला उतार एकदम आहे आणि पाणी मधोमध चार बोटांपेक्षा खोल आहे. चिमणीएवढ्या पक्ष्याला तेथे पाय टेकवता येत नाहीत. उन्हाळा लागला की इंदूरमध्ये रस्तोरस्ती मातीचे पसरट सकोरे विकायला येतात. तसे तीन सकोरे ७० रुपयांना एक या भावाने आणले. कच्च्या पोताच्या मातीवर नख्या रुततात, काठाशी पाणी जेमतेम बोटभर राहते, शिवाय माती पाझरत असल्यामुळे पाणी गार राहते. आत एक चपटा दगड ठेवला.

सकोरा ठेवल्याच्या दुसऱ्याच सकाळी सहा साळुंक्यांनी पाळीपाळीने आंघोळ केली.

१४ एप्रिल

आज सुटी असल्यामुळे सकाळी दहा ते दुपारी एक असे सलग बसले आणि ३१२ छायाचित्रे काढली. संगणकावर पाहिली तेव्हा त्यातले एकही छायाचित्र धारदार नव्हते. शटर स्पीड १/१००० सेकंद होता, म्हणजे हात हलल्याचा प्रश्न नव्हता. फोकस कधी पक्ष्याच्या डोळ्यावर पडलेला दिसतो, तरीही पिसे पाण्याखाली धरल्यासारखी विरघळलेली दिसतात. लेन्स वापरलेली असल्याने तिच्यातच दोष असणार, अशी माझी खात्री झाली आणि मी ती दुरुस्तीला दिली.

२१ एप्रिल

लेन्स परत आली. तपासणीचे ४५० रुपये द्यावे लागले आणि ‘दोष नाही’ असे सांगण्यात आले. सात दिवस वाया गेले. याच दिवसांत बागेत सकाळी तांबट आणि हळद्या दिसून गेले, ही हळहळ वेगळी.

२३ एप्रिल

दोष सापडला आणि तो लेन्सचा नव्हता. ज्यांना घरातून छायाचित्रे काढायची आहेत त्यांना याचा उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

दिनदर्शिकेचे एक पान पेरूच्या फांदीला, सकोऱ्याएवढ्याच अंतरावर, टांगले. सकाळी सव्वासहाला, कूलर बंद असताना, खिडकीतून त्याचे छायाचित्र घेतले. तिथींची बारीक अक्षरेसुद्धा वाचता आली. अकरा वाजता कूलर सुरू असताना पुन्हा घेतले, तेव्हा तारखांचे ठळक आकडेही थरथरलेले आले. कूलर बंद करून अर्ध्या तासाने घेतलेले छायाचित्र पुष्कळ सुधारले, पण सकाळइतके नाही. मग मी स्वतः बागेत जाऊन तीन मीटरवरून छायाचित्र घेतले, आणि तेव्हा कोठे अक्षरे पुन्हा वाचण्यासारखी आली.

म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. कूलरमुळे खोलीत गार हवा भरलेली होती आणि ती उघड्या खिडकीतून बाहेरच्या तापलेल्या हवेत मिसळत होती. गार आणि गरम हवेची घनता वेगळी असते, त्यामुळे त्यांच्या मिसळणीतून जाताना प्रकाश सतत थोडाथोडा वळत राहतो; चुलीच्या वरून पलीकडे पाहिल्यावर भिंत हलताना दिसते, तसेच हे आहे. माझी लेन्स नेमकी त्या मिसळणीच्या तोंडाशी होती. दुसरे म्हणजे खिडकी आणि सकोरा यांच्यामध्ये पाच मीटर सिमेंटची फरशी आहे, आणि ती दहा वाजेपर्यंत इतकी तापते की तिच्यावरून उठणारी हवाही तेच करते. नुसत्या डोळ्यांना यातले काही जाणवत नव्हते, पण २५० मिलिमीटरच्या लेन्सला ते दिसत होते. लेन्स जितकी लांबची आणि मधली हवा जितकी जास्त, तितका हा दोष वाढतो. महागडी लेन्स घेतली असती तरी हाच परिणाम आला असता.

यावर उपाय एकच दिसतो : खोली सोडून बागेत बसायचे, अंतर कमी करायचे आणि फरशी तापण्यापूर्वी काम उरकायचे.

२७ एप्रिल

लपण, म्हणजे आत लपून छायाचित्रे काढायचा आडोसा, बांधले. सहा बांबू ३६० रुपये, हिरवी जाळी ३२० रुपये, सुतळी आणि चिमटे ९० रुपये. लपण चार फूट लांब, चार फूट रुंद आणि पाच फूट उंच आहे. आत एक स्टूल आणि ट्रायपॉड मावतो. सकोऱ्यापासून अंतर साडेतीन मीटर. माझ्या लेन्सला कमीत कमी एक मीटरच्या आसपास अंतर लागते, त्यामुळे ते पुरते.

पहिल्या दिवशी दोन चुका झाल्या. जाळीला मी ताण दिला नव्हता, त्यामुळे वाऱ्याने ती फडफडत राहिली आणि दोन तास एकही पक्षी खाली उतरला नाही. दुसरे असे की लेन्स जाळीच्या भोकाच्या आत राहिली आणि कॅमेरा वारंवार भोकाच्या काठावरच फोकस करू लागला. आता जाळी चारही बाजूंनी सुतळीने ताणली आहे, भोकाला जुन्या कुर्त्याची बाही शिवली आहे आणि लेन्सचे तोंड तिच्यातून चार बोटे बाहेर काढले आहे.

पक्षी मात्र बाहेर आलेल्या काळ्या लेन्सला बिचकतात, म्हणून मी नसताना तेथे काळा कागद गुंडाळलेली बाटली खोचून ठेवते. तीन दिवसांत तिची त्यांना सवय झाली. चौथ्या दिवशी बाटलीच्या जागी लेन्स आली तेव्हा सातभाईंचा अख्खा थवा साडेतीन मीटरवर येऊन, एकमेकांना ढकलत, पाणी पिऊन गेला.

२ मे

ही नोंद लिहिणे जड जात आहे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक बुलबुल आंघोळ करत होता. त्याचे पंख पूर्ण भिजले होते आणि डोके पाण्यात होते. मी कॅमेऱ्यातून पाहत होते. मोगऱ्यातून मांजर आले आणि तो गेला. आवाजही झाला नाही. शेवटच्या तीन छायाचित्रांत ते सगळे आले आहे. ती मी पुसून टाकली.

दोष मांजराचा नाही. सकोरा मोगऱ्याला लागून ठेवला, कारण तेथे सावली होती आणि झुडपाजवळ पक्ष्यांना निर्धास्त वाटेल असे मला वाटले. प्रत्यक्षात मी मांजराला दबा धरण्यासाठी एका उडीच्या अंतरावर आडोसा आणि समोर भिजून जड झालेले पक्षी दिले. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “अगं, तिथे नको ठेवूस, ते मांजर दुपारी मोगऱ्याखालीच झोपतं.” त्यांचे मी ऐकायला हवे होते.

४ मे

दोन दिवस पाणी ठेवले पण छायाचित्रे काढली नाहीत. सगळी मांडणी बदलली.

सकोरा आता मोकळ्यात, कोणत्याही झुडपापासून अडीच मीटरहून दूर आहे. जुन्या विटा रचून अडीच फुटांचा चौथरा केला आणि त्यावर तो ठेवला. चौथऱ्याच्या पायथ्याशी बोरीच्या काटेरी फांद्या पसरल्या आहेत. वर, हातभर उंचीवर, शेवग्याची एक वाळकी फांदी बांधली आहे, म्हणजे पक्ष्याला आधी तेथे बसून चारी बाजू न्याहाळता येतात आणि मगच खाली उतरता येते. होले आणि सातभाई जमिनीवर पाणी पिणे पसंत करतात, म्हणून दुसरा सकोरा जमिनीवर, पण बागेच्या अगदी मधोमध ठेवला आहे. सावलीसाठी चौथऱ्यावर तिरके बारदान बांधले.

हे सगळे पक्ष्यांसाठी केले, पण छायाचित्रांनाही त्याचा फायदा झाला. पूर्वी मी वरून खाली पाहत होते आणि पार्श्वभूमीला मोगऱ्याची गुंतागुंतीची पाने येत होती. आता स्टुलावर बसल्यावर पक्षी डोळ्यांच्या पातळीत येतो, आणि मागे १५ मीटरवरच्या कडुनिंबाचा नुसता मऊ हिरवा रंग उरतो.

९ मे

सकाळी वरच्या सकोऱ्यात १४ मधमाश्या बुडालेल्या सापडल्या, त्यातल्या बहुतेक फुलोरी जातीच्या आणि दोन आग्या होत्या. उष्णता वाढली की मधमाश्या पोळे गार ठेवण्यासाठी पाणी वाहून नेतात, त्यामुळे त्यांची वर्दळ आता दिवसभर असते. सकोऱ्यात काथ्या टाकून पाहिला. माश्या वाचल्या, पण पक्ष्यांनी आंघोळ थांबवली.

मग माश्यांसाठी तिसरा सकोरा वेगळा केला. त्यात नारळाचा काथ्या आणि गोटे भरले आणि पाणी गोट्यांच्या निम्म्यापर्यंतच ठेवले. तो बागेच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तेव्हा एकही माशी तिकडे फिरकली नाही, कारण त्या सवयीच्या जागेवरच येत राहतात. म्हणून माश्यांचा सकोरा चौथऱ्यावर ठेवला, पक्ष्यांचा तात्पुरता बाजूला हलवला आणि मग माश्यांचा सकोरा रोज दीड-दोन फूट सरकवत नेला. आठवडाभराने दोन्ही आपापल्या जागी स्थिरावले. घाई केली असती तर जमले नसते.

१३ मे

संध्याकाळी तुळशीला पाणी घालताना एका वाळलेल्या मंजिरीवर ओळीने सात माश्या चिकटलेल्या दिसल्या. पोटावर निळसर चमकदार पट्टे होते. या निळ्या पट्ट्यांच्या माश्या पोळे करत नाहीत. मादी मातीत बीळ करून राहते आणि नर अंधार पडण्याच्या सुमारास बारीक, वाळलेल्या काडीला जबड्याने घट्ट पकडून तसेच रात्रभर झोपतात. पट्टे मोजले तर पाच भरले. मादीला चार असतात, म्हणजे हे नरच. दिवसा यांचे छायाचित्र घेणे जवळपास अशक्य असते, कारण तुळशीच्या एका फुलावर त्या क्षणभरही थांबत नाहीत. पहाटे मात्र, अंग तापेपर्यंत, त्या हलत नाहीत.

जवळून छायाचित्र घेण्यासाठी लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, जेल रोडवरून ६५० रुपयांना आणल्या.

१५ मे

त्या नळ्या निरुपयोगी ठरल्या. त्यांत विजेचे संपर्कबिंदू नाहीत, त्यामुळे माझ्या लेन्सचे छिद्र लहान करताच येत नाही. ते पूर्ण उघडे राहते. परिणामी माशीचा एक डोळा स्पष्ट येतो आणि दुसरा धूसर. संपर्कबिंदू असलेल्या नळ्या २,२०० रुपयांना पुन्हा घ्याव्या लागल्या. विकत घेण्याआधी ही एक गोष्ट विचारून घेतली असती तर पहिले पैसे वाचले असते.

१८-५५ च्या लेन्सला २१ मिलिमीटरची नळी लावून, छिद्र एफ ११ वर (म्हणजे बरेच लहान), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० आणि शटर १/१० सेकंद अशी सेटिंग पहाटे पावणेसहाच्या उजेडात लागली. फ्लॅश मुद्दाम वापरला नाही. एवढ्या मंद शटरला काडी हलली की सगळे वाया जाते, म्हणून काल दुपारी, माश्या नसताना, काडीच्या बुडाशी बांबूची चोय रोवून ती सैल सुतळीने बांधून ठेवली होती. आज ३८ छायाचित्रांपैकी पाच उत्तम आली. एकात माशीच्या पायावरचे केससुद्धा मोजता येतील.

१९ मे

सकाळी तुळशीपाशी गेले तर काडी नव्हती. काल माळीदादा येऊन गेले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे वाळलेल्या मंजिऱ्या खुडून तुळस नीट केली. त्यांना मी काही सांगितलेच नव्हते. रात्री माश्या आल्या, त्या जागेभोवती बराच वेळ घिरट्या घालत राहिल्या आणि नंतर कोठे गेल्या ते अंधारात कळले नाही.

सासूबाईंनी दुसऱ्या रोपांवरच्या चार वाळक्या काड्यांना लाल दोरा बांधला आणि माळीदादांना सांगून ठेवले. २३ तारखेपासून त्यांतल्या एका काडीवर पुन्हा तीन माश्या झोपायला येऊ लागल्या.

२२ मे

कढीपत्त्यावरच्या फुलपाखराची नोंद आतापर्यंत लिहिली नाही, कारण हाती काहीच लागले नव्हते. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालणारे हे पिवळसर-काळे फुलपाखरू परसबागांत सर्रास दिसते. १८ एप्रिलला कोवळ्या पानांवर मोहरीच्या दाण्याहून लहान, पिवळट अशी सहा अंडी दिसली. चार दिवसांनी अळ्या बाहेर आल्या. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि नंतर हिरव्या होतात. डिवचले तर डोक्यामागून शिंगांसारखा दुभंगलेला अवयव बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. सासूबाई कढीपत्त्यावर निंबोळीचे तेल फवारणार होत्या; मी त्यांना अळ्या दाखवल्या आणि फोडणीसाठी या महिन्यात बाजारातून पाने आणू, अशी विनंती केली. त्यांनी ती लगेच मान्य केली.

सहापैकी चार अळ्या एकेक करून नाहीशा झाल्या. एक गांधीलमाशीने उचलून नेताना मी पाहिली. उरलेल्या दोघींनी ६ मेच्या सुमारास कोष केले. त्यातला एक तपकिरी पडत गेला आणि १४ तारखेला त्याला बारीक भोक पडून आतून चिलटाएवढ्या परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडल्या. दुसरा १५ तारखेला उघडला, पण तो मी तेथे नसताना. सकाळी सहा चाळीसला पोहोचले तेव्हा रिकामे कवच लोंबकळत होते.

१० मेला पुन्हा अंडी दिसली आहेत, आणि आता कुंडीच्या निम्म्या भागावर मच्छरदाणीचे कापड बांधले आहे. अर्धी कुंडी उघडी ठेवली आहे, कारण अळ्यांवर जगणाऱ्यांनाही या बागेत जागा हवी.

२६ मे

कालपासून नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, सुरू झाला. व्हरांड्याच्या सावलीतील थर्मामीटरने दुपारी तीन वाजता ४२ अंश दाखवले. त्याच वेळी दुधाच्या थर्मामीटरने मोजले तर सावलीतल्या सकोऱ्यातले पाणी २७ अंश आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या बादलीतले ३६ अंश भरले. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे तिन्ही सकोऱ्यांसाठी एक बादली वेगळी भरून ठेवते. दिवसातून दोनदा भरावे लागतात, आणि दर दोन दिवसांनी काथ्याने, साबण न वापरता, घासते. शेवाळ धरत नाही आणि डासांच्या अळ्यांना वाढायला वेळ मिळत नाही.

दुपारी पक्षी चोच उघडी ठेवून बसतात आणि त्यांचा गळा थरथरत असतो. पक्ष्यांना घाम येत नाही. उघड्या तोंडातून बाष्प बाहेर टाकूनच त्यांना अंग गार ठेवावे लागते, आणि म्हणून त्यांना पाणीही जास्त लागते. हे दृश्य टिपावे या हव्यासाने मी रविवारी बारा ते तीन लपणात बसले. कॅमेऱ्यावर उष्णतेची सूचना आली, म्हणून त्यावर पांढरे ओले उपरणे टाकले. स्वतःकडे लक्ष दिले नाही. संध्याकाळी मळमळ, डोकेदुखी, ताप. कैरीचे पन्हे, मीठ-साखरेचे पाणी आणि दोन दिवस सक्तीची विश्रांती. साडेनऊनंतर लपणात बसायचे नाही, हा नियम आता घरातल्यांनी घातला आहे आणि मी तो पाळणार आहे.

छायाचित्रासाठी माझे दुपारी तेथे बसणे पक्ष्यांना पाण्यापासून दूर ठेवते, हेही त्यावेळी दिसले. मी लपणात असताना तीन तासांत २३ वेळा पक्षी आले. दुसऱ्या दिवशी खोलीतून मोजले तेव्हा त्याच वेळात ५१ वेळा. सवय झालेली असली तरी इतक्या उन्हात त्यांना माझी अडचण होतेच.

१ जून

शिंपी पक्ष्याचे घरटे सापडले. जास्वंदीची दोन रुंद पाने कोळ्याच्या जाळ्याने आणि कापसाने शिवलेली आहेत. छायाचित्र काढले नाही. काढायचे तर पुढची तीन पाने बाजूला करावी लागतील, आणि तीच पाने पिलांना उन्हापासून व कावळ्यांपासून झाकतात. शेजारच्या काकांनी मोबाइलवर शिंप्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावण्याचे सुचवले. विणीच्या दिवसांत त्याला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावायला लावणे मला पटत नाही, हे त्यांना समजावून सांगितले.

आज सव्वासातला सगळी बाग एकाएकी गप्प झाली. खारीने एकच आवाज लावून धरला होता. मान वळवली तर शेवग्याच्या फांदीवर शिक्रा हा शिकारी पक्षी बसलेला. पाच मिनिटांनी तो वरच्या सकोऱ्यावर उतरला, पोटापर्यंत पाण्यात बसला आणि पिवळ्याजर्द डोळ्यांनी थेट लेन्सकडे पाहत राहिला. मी अकरा छायाचित्रे घेतली आणि पुढे बटण दाबले नाही, कारण प्रत्येक आवाजाला तो मान ताठ करत होता. त्यालाही पाण्याची गरज होती.

४ जून

फुलपाखरू मिळाले. काल संध्याकाळी कोषाच्या पातळ कवचातून पंखांची काळी-पिवळी नक्षी दिसू लागली होती, म्हणजे दुसऱ्या सकाळी ते बाहेर पडणार. पहाटे साडेचारला ट्रायपॉड लावून बसले. पाच वाजून ५२ मिनिटांनी कवच उकलले आणि दोन मिनिटांत ते बाहेर आले. पंख ओल्या चुरगळलेल्या कापडासारखे होते. काडीवर चढून ते लोंबकळत राहिले आणि सुमारे २० मिनिटांत पंख पूर्ण उलगडले. सात वाजून दहा मिनिटांनी ते लिंबावरून उडून गेले. सासूबाई पूर्ण वेळ शेजारी मोड्यावर बसून होत्या. या दोन महिन्यांतली माझी सर्वांत आवडती सकाळ हीच.

आंघोळीच्या छायाचित्रांबद्दल एक तांत्रिक नोंद येथेच करते. उडणारे थेंब गोठवायचे तर १/१००० पुरत नाही. बुलबुलासाठी १/२००० आणि शिंजिरासाठी १/३२०० लागले. त्यासाठी आयएसओ १६०० पर्यंत न्यावा लागतो आणि थोडे दाणे दिसतात, पण ते चालते. सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात ऊन डावीकडून तिरके येते, तेव्हा थेंब चमकतात. नंतर ते पांढरे ठिपके होतात.

१३ जून

रात्री पहिला जोराचा पाऊस झाला. पहाटे भिंतीच्या बुडाशी असलेल्या भेगेतून पंख फुटलेल्या वाळवीचा धूरच निघत होता. साळुंक्या, बुलबुल, चिमण्या, दयाळ सगळे तेथे जमले आणि सकोऱ्याकडे कोणी पाहिले नाही. लालभडक गळ्याचा सरडा भेगेच्या तोंडाशी ठाण मांडून जिभेने एकेक वाळवी टिपत होता. ढगाळ उजेडामुळे सावल्या मऊ होत्या. लपणाशिवाय, ओल्या जमिनीवर पालथे पडून, दोन मीटरवरून त्याची छायाचित्रे मिळाली. दोन महिने जो उजेड मी शोधत होते तो ढगांनी आणला.

मध्य प्रदेशचा राज्यपक्षी दूधराज उन्हाळ्यात पाण्यावर येतो, म्हणून त्याची फार वाट पाहिली. तो आमच्या बागेत आला नाही.

१७ जून

लपण सोडले, जाळी धुऊन वाळवली. एकूण खर्च ११,९०० रुपये झाला : लेन्स ७,५००, सकोरे २१०, तपासणी ४५०, लपण ७७०, दोन्ही नळ्या मिळून २,८५० आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डब्यात ठेवायच्या सिलिका जेलचे १२०. यातले तपासणीचे आणि पहिल्या नळ्यांचे मिळून १,१०० रुपये फुकट गेले. सुमारे ६,४०० छायाचित्रे काढली आणि ७१ ठेवली.

पुढच्या वर्षी चौथरा मार्चच्या सुरुवातीलाच रचायचा आहे. तोपर्यंत विटा तेथेच राहतील. मोगऱ्याची खालची पाने मात्र आज हातभर उंचीपर्यंत छाटून घेतली, म्हणजे बुंध्यापाशी मांजर बसले तर लांबूनही दिसेल.